बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळचा युनिव्हर्सिटी तयारीचा क्लास, 5 पैकी 4 स्टार

मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आर्ट्स. पीयूसीची परीक्षा झाल्या झाल्या टिळकवाडीतला हा सात आठवड्यांचा क्लास लावला, फी साडेसहा हजार. आता कलबुर्गीच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीत माझं पहिलं सेमिस्टर संपलंय, काय उपयोगी पडलं आणि काय नाही ते आता नीट कळालंय म्हणून लिहितेय.

सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाची परीक्षा, सीयूईटी, 2022 पासून सुरू झाली आणि 13 भाषांत देता येते, त्यात मराठी पण आहे कन्नड पण आहे, त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना वाटतं की अडचण मिटली. खरं वर्गात बसलं की लेक्चर इंग्लिशमधनंच असतं, आणि शाळेतल्या बाईंसारखं कुणी फळ्यावर उत्तर लिहून देत नाही, सर बोलत जातात आणि आपण काय घ्यायचं ते आपणच ठरवायचं. ही सवय आम्हाला कुणी लावलेलीच नसते.

या क्लासमध्ये ती लावतात. कॉर्नेल पद्धतीनं नोट्स काढायला शिकवलं, अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात काढलेली पद्धत आहे. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचाची पट्टी आखायची, उजवीकडं मोठी जागा, खाली चार-पाच ओळी मोकळ्या. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडं लिहायचं, घरी येऊन डावीकडं प्रश्न काढायचे आणि खाली आपल्या शब्दांत सारांश. पहिल्या दिवशी मागणी-पुरवठ्यावरचं लेक्चर लावलं, मी पूर्ण वाक्यं उतरवत बसले आणि चार मिनिटांतच मागं पडले, रडायलाच आलं. सरांनी माझी वही घेतली, लाल पेनानं अर्ध्याच्या वर शब्द खोडले आणि शेवटी जे राहिलं ते म्हणजे प्राइस, वर जाणारा बाण, डिमांड, खाली जाणारा बाण. म्हणाले, "एवढं पुरे गं, बाकीचं तुझ्या डोक्यात हाय की." आणि डावीकडचे प्रश्न मराठीत लिहायला सांगितलं, विचार ज्या भाषेत येतो त्यात लिहा म्हणून. माझा त्या दिवशीचा प्रश्न होता, मीठ महाग झालं तर माणसं मीठ कमी खातात काय? कलबुर्गीत दुसऱ्याच आठवड्यात इलॅस्टिसिटी (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) सुरू झाली, मी तोच प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारला, आणि मॅडमनी पुढचा धडा मिठावरच नेला. त्यानंतर हात वर करायची भीती गेली माझी.

दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दल पण छान समजावलं. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 चा नियम आहे, थिसिसमध्ये 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. आम्हाला एक परिच्छेद वाचायला लावून पुस्तक बंद करायला सांगायचे आणि मग लिहा म्हणायचे, आठवडाभर रोज. कंटाळा यायचा, खरं आता असाइनमेंट तशीच लिहितेय. प्रोफेसरना ईमेल कसा करायचा ते एका तासात झालं, तेवढं पुरतं.

शनिवारचा कन्नडचा तास तर सोडूच नका. शाळेत कन्नड होतं आम्हाला, वाचायला येतं, खरं बोलणं म्हणजे बसमध्ये कंडक्टरशी बोलण्यापुरतं. बाईंनी सुरुवातच बा (ये) आणि बर्री (या) यातल्या फरकावरनं केली, मोठ्या माणसाला नुसतं बा म्हटलं तर आपण मराठीत ये म्हटल्यासारखं होतं. होस्टेलच्या मेसमधल्या अक्कांना मी पहिल्या दिवशी "ऊटा आतेन्री" (जेवण झालं का) विचारलं आणि त्या मला आजपण जास्तीची भाकरी वाढतात.

एक स्टार का कापला तेपण सांगते. बॅच 20 जणांची म्हणाले होते, निघाले 43, बोलायच्या सरावात सात आठवड्यांत माझा नंबर तीनदा आला. ऐकायला लावायचे ती रेकॉर्डिंगं सगळी फॉरेनच्या माणसांची, कलबुर्गीत शिकवणारे मात्र तेलुगू, कन्नड, हिंदी वळणाचं इंग्लिश बोलतात, ते कानाला बसायला मला महिना गेला. लायब्ररी दाखवायला नेणार होते ते राहूनच गेलं. आणि काटा-चमचा कसा धरायचा यात दोन दिवस घालवले, त्यापेक्षा लायब्ररीत पुस्तक शोधायचं कसं ते दाखवलं असतं तर बरं झालं असतं, मी पहिल्या आठवड्यात तिथं नुसती फिरत होते.

खानापूरकडनं येणाऱ्या मुलींनी सकाळची बॅच घ्या, 26 किलोमीटर आहे, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून 2023 पासनं बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. संध्याकाळची बॅच साडेसातला सुटते, मग पुढं गावाकडं जायला गाडी मिळत नाही. आणि फी भरायच्या आधी बॅचमध्ये किती जण आहेत ते तोंडी नको, लिहून घ्या.