ओटीपी कुणी मागितलाच नाही

सकाळी आउटलुक उघडावं, तर इनबॉक्समध्ये दर काही सेकंदांनी एक मेल टपकतोय. पोर्तुगीजमधलं स्वागतपत्र, कुठल्याशा सायकलच्या दुकानाच्या ऑफर्स, जर्मनीतल्या क्लबचं 'तुमची नोंदणी पक्की करा'. तासाभरात शेकड्यांनी, कधी हजारांनी. यातले बहुतेक मेल खऱ्या संकेतस्थळांवरून आलेले असतात, म्हणून स्पॅम फिल्टर ते सहसा अडवत नाही. चोराने फक्त तुमचा मेल पत्ता असंख्य ठिकाणच्या नोंदणी अर्जांत आपोआप भरायला लावलेला असतो.

कामाचा मेल सापडेनासा होतो, डोकं उठतं, आणि नेमका तेव्हाच टीम्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कॉल-चॅटच्या ॲपवर, कॉल येतो. नाव दिसतं 'हेल्प डेस्क'. "सर, आयटी सपोर्टमधून बोलतोय. तुमच्या मेलबॉक्सवर स्पॅमचा मारा दिसतोय. दोन मिनिटांत थांबवतो." आपण कुणाला सांगितलंही नव्हतं आणि याला त्रास माहीत आहे, मग हा आपलाच माणूस, असं वाटून जातं. आग लावणाराच बंब घेऊन आलाय, हे त्या घाईत सुचत नाही.

वास्तविक त्याच खिडकीत खूण असते. बाहेरच्या संस्थेतून येणाऱ्या कॉलच्या किंवा चॅटच्या नावाजवळ टीम्स 'एक्स्टर्नल' असं लिहितं. नावावर बोट ठेवून पत्ता पाहिला तर तो बहुधा 'ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'ने संपतो. त्यात मायक्रोसॉफ्ट हा शब्द आहे म्हणून लोक निर्धास्त होतात. पण मायक्रोसॉफ्टकडे नवीन खातं उघडणाऱ्या प्रत्येक संस्थेला सुरुवातीला असाच पत्ता मिळतो, चोरालाही.

आता मुख्य भाग. तो म्हणतो, "कीबोर्डवर कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबा." क्विक असिस्ट उघडतं, म्हणजे दूरच्या माणसाला आपली स्क्रीन दाखवायचं आणि ताबा द्यायचं विंडोजमधलं साधन. विंडोज १० मध्ये हे साधन २०१६ च्या अपडेटबरोबर आलं. काही डाउनलोड करावं लागत नाही, अनोळखी फाइल येत नाही, त्यामुळे अँटिव्हायरसलाही ओरडायचं कारण उरत नाही. वर मायक्रोसॉफ्टचं नाव असतंच. मदत करणारा आपल्या बाजूला मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून एक छोटा कोड तयार करतो. तो दहा मिनिटं चालतो. मदत घेणाऱ्याला खातंही लागत नाही. कोड टाकला की झालं.

इथेच भली भली माणसं फसतात. गेली कित्येक वर्षं आपल्याला एकच गोष्ट घोकायला लावली आहे: ओटीपी कुणाला सांगू नका. इथे कुणी कोड मागतच नाही. कोड तोच देतो, आपण फक्त टाइप करतो. मनातली घंटा उलट्या दिशेने जाणाऱ्या कोडला वाजतच नाही.

कोडनंतर स्क्रीन दाखवायची परवानगी वेगळी मागितली जाते, आणि माउस-कीबोर्डचा ताबा हवा असेल तर तीही वेगळी. म्हणजे साधन दोनदा विचारतं, फसवणुकीचा इशाराही दाखवतं. पण फोनवरचा आवाज त्याच्या पुढे धावत असतो: "हां, तिथे टिक करा... आता अलाउ... हां, बरोबर." पुढे एखादा प्रोग्राम बसवताना विंडोज प्रशासकाची परवानगी विचारतं. ती चौकट मदतनिसाला सहसा दिसत नाही, त्याच्याकडची स्क्रीन तेवढा वेळ थांबते. म्हणूनच तो विचारतो, "आता समोर काय आलं? यस दाबा." विंडोजचा हा प्रश्न तुमच्यासाठीच असतो, म्हणून तो तुम्हाला उत्तर द्यायला लावतो.

मग काळी कमांडची खिडकी उघडून मिटते. एका ओळीने कुठून तरी झिप फाइल उतरवली जाते. 'स्पॅम फिल्टर अपडेट' नावाची चौकट येते आणि कंपनीच्या खात्याचा पासवर्ड मागते. पासवर्ड बरोबर असला तरी कधी ती 'चूक' म्हणते, कारण चोरांना तो तुमच्याकडून दोनदा लिहून घेऊन खात्री करायची असते. क्विक असिस्टची जोडणी खिडकी बंद केली की तुटते, म्हणून जाण्यापूर्वी दूरनियंत्रणाचं दुसरं एखादं साधन बसवलं जातं. ते पुढच्या वेळी कोड मागत नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'स्टॉर्म-१८११' या टोळीची हीच साखळी जाहीरपणे मांडली होती. तिचा शेवट 'ब्लॅक बास्टा' या खंडणीखोर सॉफ्टवेअरमध्ये व्हायचा, म्हणजे एका माणसाच्या क्लिकवर अख्ख्या कार्यालयाच्या फाइल कुलूपबंद.

या फसवणुकीची घरगुती आवृत्ती जुनी आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आईवडिलांच्या स्क्रीनवर भोंगा वाजवणारा इशारा आणि फोन नंबर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतोच. फोन केला की पलीकडचा माणूस इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणा मोजतो; त्या प्रत्येक ठणठणीत विंडोजमध्ये शेकड्यांनी असतात. मग कमांडच्या खिडकीत 'असोक' (फाइलच्या प्रकारांची यादी दाखवणारी आज्ञा) लिहायला लावून खालचा आकडा तुमच्या संगणकाचा खास क्रमांक म्हणून वाचतो: "ट्रिपल एट, डी, सी, ए, सिक्स, झीरो." तो आकडा जगातल्या सगळ्या विंडोजवर एकसारखा असतो. अशा परदेशी लोकांना लुटणारं एक कॉल सेंटर २०२२ मध्ये सीबीआयने पुण्यात पकडलं होतं, तेव्हा पलीकडचा आवाज आपल्याच गावचा निघाला तर नवल वाटू नये.

ताबा दिला गेलाच असेल तर पहिलं काम वायफाय बंद करणं, नेटची केबल काढणं. बोलणं तोडायला फोन ठेवला तरी चोर मशीनमध्ये असतोच. कार्यालयातला संगणक बंद करू नका, तसाच ठेवा आणि खऱ्या आयटीला त्यांच्या ओळखीच्या नंबरवर कळवा. मेमरीतल्या खुणा तपासाला लागतात. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि 'सगळीकडून साइन आउट' करा, नाहीतर जुनं लॉगिन चालूच राहतं. भारतात पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला त्याच तासात कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर होणारं बँकेचं. एक एक मिनिट त्यासाठी मोजायचं.

मशीन साफ केल्यावरही मेलबॉक्स विसरतात. आउटलुकच्या नियमांत एखादा नवा नियम बसवलेला असतो: 'बँक' किंवा 'इन्व्हॉइस' असलेला मेल वाचलेला धरायचा आणि 'आरएसएस फीड्स' फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरकडे कोण जातं? फॉरवर्डिंगचा पत्ताही बघा. पासवर्ड बदलला तरी हे दोन्ही जागेवर राहतात.

कार्यालयात क्विक असिस्ट वापरत नसाल तर 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून काढून टाका. टीम्सच्या प्रशासकाने बाहेरच्या संस्थांचे कॉल ठरावीक डोमेनपुरते ठेवले तर पहिलाच फोन येणार नाही. 'सिस्टिम प्रॉपर्टीज'च्या 'रिमोट' टॅबमधली रिमोट असिस्टन्स या दूरवरून मदतीच्या जुन्या साधनाची टिकही काढा, ती क्विक असिस्टपासून वेगळी आहे.

आणि तो मेलचा ढीग 'सिलेक्ट ऑल' करून पुसू नका. कधी कधी मारा हाच पडदा असतो. त्या हजारांत एखादा मेल बँकेचा, 'नवीन लाभार्थी जोडला' म्हणणारा, किंवा पासवर्ड बदलल्याचा असतो. बेनिफिशियरी, पासवर्ड, ऑर्डर हे शब्द टाकून आधी शोधा, मग पुसा.