पहिलं पारंपरिक धनुष्य: लाँगबो की रिकर्व्ह?

कंपाउंड धनुष्याची चाकं आणि नेम धरायची साइट सोडून नुसत्या बोटांनी दोरी ओढायची ठरवली, की निवड या दोघांतच होते. आमचं मत आधी सांगतो: सुरुवात टेकडाउन, म्हणजे मूठ आणि पाती सुटी करता येणाऱ्या, रिकर्व्हने करा, लाँगबो नंतर घ्या.

रिकर्व्हच्या पात्यांची, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांची, टोकं नेमबाजापासून उलट दिशेला वळलेली असतात. त्यामुळे तेवढ्याच ड्रॉ वेटवर, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोरावर, बाण थोडा वेगाने सुटतो. मूठ जड असल्याने हाताला झटका कमी बसतो. बाण बहुधा मध्यरेषेजवळ टेकतो, म्हणून त्याचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, थोडा चुकला तरी निभावतं. मात्र दोरी पात्यांवर आपटून आवाज होतो. दोरी चढवताना स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) न वापरता धनुष्य पायात अडकवून वाकवलं, तर पातं पिळतं.

लाँगबो, म्हणजे उलट वळलेली टोकं नसलेलं लांब धनुष्य, हलका आणि शांत असतो. झटका मात्र जास्त, आणि तो जड बाणाने कमी होतो. ड्रॉ वेटच्या दर पाउंडाला बाणाचं वजन 10 ग्रेन (बाण तोलायचं छोटं एकक) धरा, म्हणजे 40 पाउंडाला 400 ग्रेन. फार हलका बाण कुठल्याही धनुष्याला बाण न लावता दोरी सोडण्यासारखाच घातक. लाँगबोवर बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं. स्पाइन जास्त कडक असेल, तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो आणि दोष उगाच नेमाला दिला जातो.

खरी चूक होते ती ड्रॉ वेट निवडण्यात. शिकारीच्या विचाराने थेट 50 पाउंड घेतले, की खांदा वर चढतो, हात गालाशी टेकण्याआधीच दोरी सुटते आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही. धडधाकट प्रौढालाही 25 ते 30 पाउंड पुरे. पात्यावर लिहिलेला ड्रॉ वेट 28 इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचा, असतो. ओढ इंचभर कमी असेल तर साधारण 2 ते 3 पाउंड घटतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि 2.5ने भागा, ओढीचा अंदाज येतो. टेकडाउनची मूठ तीच ठेवून पुढे फक्त जड पाती घेता येतात. एकसंध लाँगबोत ती सोय नाही.

जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे, तिथे किमान ड्रॉ वेटचा नियम आधी पाहा. दिवसाचा पहिलाच बाण 20 यार्डांवर दर वेळी ताटलीएवढ्या वर्तुळात बसत नसेल, तर अजून सरावाच्या बटावरच (बाण रुतणाऱ्या लक्ष्यावरच) थांबा.

जुनं धनुष्य मिळालं तर दोरी डॅक्रॉनचीच (थोड्या ताणणाऱ्या धाग्याची) लावा. न ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांनी जुन्या पात्यांची टोकं फुटू शकतात.