ट्रॅक्टरच्या फूटरेस्टपायी २७,४०० रुपये गेले

आकडा आधीच लिहून टाकतो: २७,४०० रुपये. घरी हा आकडा सांगायला मला आठ दिवस लागले. आता उघड लिहितोय, कारण ज्या जाहिरातीला मी फसलो तीच परवा आमच्या वाड्यावरच्या दुसऱ्या एका बागायतदाराच्या मोबाईलवर दिसली.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. पोफळी, त्यांवर चढवलेली मिरी, खाली केळी. ओळींमधून फिरावा म्हणून चार वर्षांपूर्वी छोटा ट्रॅक्टर घेतला. पावसाळ्यात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारावंच लागतं आणि त्याचं पिंप ट्रॅक्टरवरूनच फिरतं. फूटरेस्टच्या पत्र्यावर उठावाची नक्षी होती, ती बुटांनी घासून गुळगुळीत झाली होती. त्यावर चिखल, बोर्डोचे शिंतोडे आणि हायड्रॉलिकच्या नळीतून पाझरणारं तेल. जुलैत मुलगा उतरताना घसरला. नडगी पत्र्याच्या कडेवर आपटली, पाच टाके पडले. बाप म्हणून मी घाई केली. ज्यांना फूटरेस्टवर खर्च करणं ही हौस वाटते त्यांनी ती जखम बघायला हवी होती.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली. फूटरेस्ट आणि पेडलला खरखरीत लेप, पाण्यातेलात पाय सरकणार नाही, पाच वर्षांची गॅरंटी. फोन केला तर माणूस शुद्ध मराठीत बोलला, ‘काका, मापं पाठवा, तुमच्याच मॉडेलचं कापून देतो.’ मी पट्टी घेऊन मापं काढली, कागदावर आकृती काढून पाठवली. २,५०० रुपये आगाऊ, पार्सल निघताना ४,३५०. एकूण ६,८५०.

आता जे मला झोपू देत नाही ते सांगतो. दुसरे पैसे पाठवायच्या आधी त्याने ‘तुमचं काम तयार आहे’ म्हणून एक फोटो पाठवला. फूटरेस्टवर काळी खरखरीत चादर, सुरेख दिसत होती. पण डाव्या बाजूला क्लच नव्हता! दोन्ही पेडलं उजवीकडे, एक पुढे जायचं, एक मागे यायचं. ते परदेशात बंगल्यासमोरची हिरवळ कापायला वापरतात तसलं यंत्र होतं. माझ्या ट्रॅक्टरवर चार वर्षं रोज डावा पाय क्लचवर असतो, मला ते दिसणार नाही? दिसलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘काका, फोटो नमुन्याचा आहे, माल तुमच्या मापाचाच.’ पण दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस ‘तुमचं काम’ म्हणाला होता. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मी ४,३५० पाठवले.

पार्सलात काळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे निघाले. नखाने ओरखडल्यावर खर नखात भरली, खाली नुसता कागद. तरी पत्रा पुसून लावले. दुसऱ्या दिवशीच्या पावसात एक तुकडा बुटाला चिकटून वर आला.

पैसे परत मागितले, तर लगेच हो म्हणाला. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी अडाणी नाही, सोसायटीचे हिशेब अकरा वर्षं लिहिलेत. पण त्या वेळी पंप चालू, पाऊस धो धो, रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला, आणि तो कानाशी अखंड बोलत होता. पिन टाकला, ६,८५० गेले. ‘व्यवहार अडकला, आता दोन्ही मिळून १३,७०० चा कोड पाठवतो.’ तेही गेले. असा माणूस फोनवर राहून बोलत राहिला की आधी फोन कापा, मग स्क्रीन वाचा.

बँकेत गेलो. खिडकीवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, पिन तुम्ही टाकलात, आमचा संबंध नाही. अर्ज द्या. अर्ज दिला, तर मॅनेजर सोमवारी. सोमवारी गेलो, तर आधी पोलिसांचा कागद आणा. ठाण्यात गेलो, तर आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं, तेव्हा हे आमच्याकडे नाही, सायबरवाल्यांकडे जा. तिथल्या शिपायाने विचारलं, ‘एवढ्याशा रकमेसाठी इतक्या लांबून आलात?’ एवढीशी? पोफळीवर चढणाऱ्या गड्याला रोज काय द्यावा लागतो ते या लोकांना माहीत आहे का? चौथ्या दिवशी कोणीतरी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर सांगितला. पैसे गेल्या गेल्या तिथे फोन केला तर समोरच्या खात्यात ते गोठवता येतात. हे पहिल्या खिडकीवर सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी लावला तेव्हा खातं रिकामं झालं होतं.

नुसता माल खराब निघाला तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षं. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडे नाही.

आणि चिकटपट्टीबद्दल. चांगली पट्टीही तेलकट, ओल्या, रंग सुटलेल्या पत्र्यावर टिकत नाही. रंग खरवडून, तेल काढून, पत्रा कोरडा करून लावावी लागते. इपॉक्सीचा लेप असेल तर तो वाळायला वेळ द्यावा लागतो. ‘लावा आणि चालवा’ म्हणणारा खोटं बोलतो. शेवटी गावच्या वेल्डरने बॅटरीची वायर सोडवून पत्र्यावर वेल्डिंगच्या आडव्या रेघा ओढल्या, पायरीवर जाळीचा पत्रा बसवला. चिखल जाळीतून खाली पडतो. १,४०० रुपये, दीड तासाचं काम. हायड्रॉलिकची गळती मात्र आधी काढा, तेलावर कुठलीच नक्षी चालत नाही.

त्याचा नंबर अजून चालू आहे. प्रोफाईलवर आता फवारणी पंपाचं चित्र आहे, पण जाहिरातीत कालही तोच फोटो होता. काळी चादर, दोन्ही पेडलं उजवीकडे, आणि क्लचची जागा मोकळी.