आठ महिने, एक सूप आणि चिमूटभर सोडा

घराजवळच्या एका लहानशा बिस्ट्रोमध्ये मी गेले आठ महिने आठवड्यातून एकदा तरी जेवतो आहे. जेमतेम आठ टेबले, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू आणि आत एकच मुख्य स्वयंपाकी, एवढाच तिथला संसार. तिथल्या मंद दिव्यांविषयी आणि उबदार वातावरणाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते फ्रेंच ऑनियन सूपविषयी, कारण माझ्या मते अशा जागेची पारख त्या एकाच पदार्थावर होते.

या सुपात काही लपवायला जागा नसते. कांदा, लोणी, हाडे उकळून काढलेला स्टॉक, पाव आणि वर वितळलेले ग्रुयेर चीज. पण कांदा मंद आचेवर नीट तपकिरी व्हायला पाऊण ते एक तास लागतो आणि तो वेळ वाचवला की चव लगेच चुगली करते. पहिले पाच महिने ती चव इतकी मुरलेली होती की बाकीच्या मेनूकडे मी फारसे पाहिलेच नाही. सहाव्या महिन्यात मात्र वाडग्यात कांद्याच्या पाकळ्यांऐवजी लगदा आला, आणि रंग तर नेहमीपेक्षाही गडद. खाण्याचा सोडा घातला की कांदा झपाट्याने रंग धरतो, पण त्यातले पेक्टिन, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारा घटक, विरघळून त्याचा गाळ होतो, हे मला स्वतःच्या फसलेल्या प्रयोगांमुळे ठाऊक होते.

मी विचारले, तेव्हा वाढप्याने कांद्याच्या हंगामाला दोष दिला. मला ते पटले नाही. पुढच्या तीन खेपांना मी हट्टाने तेच सूप मागवले आणि पैसे मोजलेले अन्न टाकवत नसल्यामुळे संपवलेही. टीप मात्र बंद केली. (तिथल्या गुलाशला, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्याला, हंगेरीत प्योर्कोल्ट म्हणतील, कारण तिकडे गुलाश हे पातळ सूप असते, पण ते इतके चवदार होते की त्यावर मी वाद घातला नाही.) या लेखाचा पहिला खर्डा त्याच दिवसांतला असून त्यातले बरेच कडवट शब्द आता मी खोडले आहेत.

कारण चौथ्या खेपेला स्वयंपाकी स्वतः टेबलापाशी आला आणि त्याने सोड्याची गोष्ट सरळ कबूल केली. मदतनीस सोडून गेला होता, शेगड्या मोजक्याच होत्या आणि तासभर एक शेगडी फक्त कांद्यासाठी अडवून ठेवणे त्याला परवडत नव्हते. रोज वाईट सूप देण्यापेक्षा दोनच दिवस चांगले द्यावे, असे मी सुचवले. त्याचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही, पण दोन आठवड्यांनी फळ्यावर सुपापुढे ‘फक्त मंगळवार व शुक्रवार’ असे लिहिलेले दिसले.

मागच्या शुक्रवारी पाकळ्या पुन्हा शाबूत होत्या. पाव वाडग्याच्या तोंडापेक्षा लहान कापल्यामुळे चीज कडेने स्टॉकमध्ये उतरले होते खरे, पण त्याविषयी मी अजून काही बोललेलो नाही. टीप ठेवून आलो.