वागळे इस्टेटमधला पुस्तकांचा छापखाना : तारीख पुढे गेली तरी काम चालू

पुस्तक ठरल्या तारखेला हातात येणं दुर्मीळच. तेव्हा काम अडल्यावर काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे ज्याला कळतं, तो छापखाना चांगला. ठाण्यात वागळे इस्टेटमधला हा छोटा ऑफसेट (प्लेट काढून छापणारा) छापखाना त्या बाबतीत उजवा आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो, पण क्रमांक यायला वेळ लागला की बरेच छापखाने सगळंच काम बाजूला ठेवतात. खरं तर क्रमांक लागतो दोनच ठिकाणी : श्रेयपानावर (प्रकाशक, हक्क वगैरे तपशिलाच्या पानावर) आणि मलपृष्ठावरच्या बारकोडात. पुस्तक फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर १६ पानं अशा गटांत छापतात आणि श्रेयपान पहिल्या फॉर्ममध्ये येतं. त्यामुळे इथे तो फॉर्म आणि मुखपृष्ठ मागे ठेवून बाकीचे फॉर्म आधी छापून घेतात.

ऐनवेळी मजकूर वाढला की मात्र हिशोब बदलतो. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचं २०८ पानी पुस्तक २२४ पानांवर गेलं, तर १,००० प्रतींना १८ बाय २३ इंची कागद २६ऐवजी २८ रिम (एक रिम म्हणजे ५०० कागद) लागतो. वाया जाणारा वेगळा. वाढीव कागद त्याच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, मिळेपर्यंत थांबलेलं बरं. नॅचरल शेडमध्ये (कागदाच्या किंचित पिवळसर छटेत) थोडा फरक असला तरी मिटलेल्या पुस्तकाच्या कडेला पट्टा उमटतो. कणाही (पुस्तकाची बांधणीकडची बाजू) सुमारे पाऊण मिलिमीटरने जाड होतो, म्हणून पानसंख्या पक्की झाल्याशिवाय हे लोक मुखपृष्ठाची प्लेट काढत नाहीत. योग्यच आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. पडद्यावर ते सुटून जातं. छापील डमी (नमुना प्रत) वाचूनच सही करा.

कमतरता एकच, पण मोठी. मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, म्हणजे त्यावर पातळ प्लॅस्टिक फिल्म चढवण्याचं काम, बाहेर जातं आणि त्याचे दिवस सांगितलेल्या तारखेत धरलेले नसतात. पावसाळ्यात शाई उशिरा वाळते. ओलसर शाईवर मॅट फिल्म चढवली की फुगे येतात, कडा सुटतात. जून ते सप्टेंबरमध्ये आपणच चार-पाच दिवस जास्त धरावेत.

प्रकाशनासाठी ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाची तारीख घेऊन झाली असेल, तर त्याच फाइलवरून ५० प्रती डिजिटलवर (प्लेटशिवाय थेट छापणाऱ्या यंत्रावर) काढून देतात. प्रतीमागे खर्च बराच जास्त पडतो. त्यांना शिवण नसते, नुसता गोंद असतो, त्यामुळे ग्रंथालयांना द्यायच्या प्रती ऑफसेटच्याच ठेवा.