स्टेनलेसच्या नळीवर गळती नसलेले फ्लेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे हायड्रॉलिक पॉवर पॅक (यंत्राला दाबाखालचे तेल पुरवणारा संच) दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. गेले आठ महिने तेथील स्टेनलेसच्या सर्व नळ्यांचे फ्लेअर, म्हणजे शंकूसारखी बाहेर पसरवलेली तोंडे, आम्ही 37 अंशांच्या, लोळत्या शंकूच्या हातटूलवर करत आहोत. त्याआधी एसी मेकॅनिक वापरतात तसले साधे टूल होते. ते 45 अंशांचे असते आणि तांब्याच्या नळीला उत्तम चालते. परंतु जेआयसी फिटिंगची (हायड्रॉलिक नळ्या जोडण्याच्या एका प्रमाणित जोडणीची) बैठक 37 अंशांची असल्यामुळे 45 अंशांचा फ्लेअर तिच्यावर पूर्ण न टेकता केवळ एका रेषेवर टेकतो आणि कितीही आवळला तरी पाझरतो. (वर्कशॉपमधल्या मुलांना ‘कोन तपास’ म्हटले की ती टूलचा शंकू पाहू लागतात, म्हणून आता मी अंशच म्हणतो.)

नव्या टूलमध्ये शंकू नळीच्या मध्यापासून किंचित बाजूला बसवलेला असल्यामुळे तो नळीच्या तोंडावरून लोळत जातो आणि धातू थोडा थोडा पसरवतो. स्टेनलेस जसजसे ताणले जाते तसतसे कडक होत जाते, त्यामुळे साध्या टूलचा शंकू त्यावर घासला जाऊन आतली बाजू ओरबाडत असे, आणि नेमक्या त्याच बाजूने तेल अडवायचे असते. आता तो पृष्ठभाग पॉलिश केल्यासारखा निघतो. शंकूवर तेलाचा थेंब मात्र दर वेळी टाकावाच लागतो.

असे असूनही पहिल्या महिन्यातले निम्मे जोड पाझरले आणि मी सगळा दोष टूलला देऊन मोकळा झालो. खरा दोष नळी कापण्यात होता. ट्यूब कटरचे चाक नळीची कड आत दाबते आणि तिथला धातू फ्लेअर होण्याआधीच कडक करून ठेवते. मग तीच कड ताणली की तिच्यावर केसाएवढा तडा जातो, जो डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठ्याच्या नखाला लागतो. आता आम्ही बारीक दातांच्या हॅकसॉने नळी कापतो, कानशीने तोंड काटकोनात आणतो, आतली-बाहेरची बर (कापताना राहिलेली खरबरीत धार) काढतो आणि कीस फुंकून टाकतो. बर काढतानाही हात आवरावा लागतो, कारण आतून जास्त खरवडले तर फ्लेअरची कड पातळ होते.

नळी आम्ही 316 ग्रेडची, सीमलेस (जोड नसलेली) आणि अ‍ॅनील केलेली (तापवून मऊ केलेली) घेतो. बहुतेक काम 9.52 मिलिमीटर व्यासाचे आणि 0.89 मिलिमीटर जाडीचे आहे. एकदा एका पुरवठादाराने सीमलेस म्हणून वेल्डची नळी दिली होती, तिचे फ्लेअर जोडाच्या रेषेवरच फाटले.

फ्लेअर किती मोठा करायचा, हे स्लीव्ह (फ्लेअरच्या मागे नळीवर बसणारी बाही) ठरवते. तो स्लीव्हच्या तोंडावर पूर्ण पसरला पाहिजे, पण तिच्या बाहेरच्या कडेपलीकडे जाता कामा नये, नाहीतर नटाच्या आट्यांना घासतो. नट आणि स्लीव्ह आधी नळीत घालायची असते, हे सांगायला नको असे वाटते. तरीही मी स्वतः तीनदा विसरलो आहे, त्यातली एक नळी पाच ठिकाणी वाकवून झाली होती.

जोडण्यापूर्वी फ्लेअरवर मार्करने शाई फासून नट हाताने बसवतो व पुन्हा काढतो. शाई अखंड वर्तुळात पुसली गेली असेल तरच पुढे जातो. स्टेनलेसचे आटे एकमेकांत अडकून जाम होतात, म्हणून त्यांना अँटी-सीझ लावतो. आवळताना ताकदीवर भरवसा ठेवत नाही. पान्याला पहिला अडसर लागला की नटावर आणि फिटिंगवर सरळ रेघ मारायची आणि निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे नटाच्या षटकोनाच्या जितक्या बाजू सांगितल्या असतील तितक्याच फिरवायच्या. पाझरतो म्हणून आणखी आवळलेला फ्लेअर पातळ होतो आणि पुढच्या वेळी हमखास दगा देतो.

तक्रारी दोन आहेत. अर्ध्या इंचाच्या स्टेनलेस नळीला हाताचा जोर फार लागतो, दिवसात आठ-दहा झाले की मनगट बोलू लागते. दुसरे म्हणजे पकडीच्या खाचांत कीस अडकला की नळी सरकते आणि फ्लेअर तिरका होतो, त्यामुळे प्रत्येक नळीनंतर पितळी ब्रश फिरवावा लागतो. जागेवर बसवलेल्या नळीवर, जिथे हँडल पूर्ण फिरत नाही, तिथे हे टूल निरुपयोगी आहे. अशी नळी आम्ही सोडवून बाकावरच आणतो.