एक घनमीटर म्हणून घेतलेली लोडरची बकेट ६६० लिटरची निघाली, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

भावांनो, हे आधीच लिहायचं होतं पण रागात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या. आता डोकं शांत आहे म्हणून सगळं नीट सांगतो. सध्या आपल्या भागात बरेच जण ट्रॅक्टरला लोडर (समोरून माल भरायचं, उचलायचं यंत्र) लावून रायले, त्यातल्या एकाचे जरी पैसे वाचले तरी बस.

मी वरूड तालुक्यातला. संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, आन मागच्या पाच-सहा वर्षांपासून फार्महाउस, लेआउट, शाळा यांच्या बागेची, लॉनची कामं पण घेतो. म्हणजे माझ्याकडं दिवसभर उचलायचा माल कोणता तर शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, पराटीचा म्हणजे कापसाच्या काड्यांचा भुगा, पालापाचोळा. सगळा हलका आन फुगीर. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, त्याला लोडर आधीच होता पण त्याची बकेट मातीकामाची, जाड आन लहान. कुटार भरायला गेलं की दोन टोपले माल येते आन ट्रॅक्टर नुसता मागंपुढं करून डिझेल पेते.

म्हणून हलक्या मालाची मोठी बकेट घ्यायचं ठरवलं. तो विचार चुकीचा नव्हता, आजही सांगतो. सुक्या पाल्याचा एक घनमीटर साधारण शंभर किलोच्या आसपास भरते, कुजलेलं शेणखत ५०० ते ७०० किलो, आन मुरूम नाहीतर ओली माती दीड टनाच्या घरात जाते. लोडर उचलते वजन, आन आपल्याला हलवायचा असते फुगवटा. त्यामुळं हलक्या मालाला खोल, उंच पाठीची बकेट लागते, रुंदीला दोन्ही चाकांच्या थोडी बाहेर, म्हणजे ढिगात शिरताना चाक मालावर चढत नाही.

तर जिल्ह्याच्या गावाबाहेर एक वर्कशॉप आहे, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. मार्चमधे तिथं गेलो. समोर एक निळी बकेट ठेवलेली, दणकट. मालकानं पाणी दिलं, चहा दिला, म्हणे, "भाऊ, सात फुटी आहे, एक घनमीटर, पाच एमएम चादर, समोर कडक स्टीलची पट्टी, पावणेतीनशे किलो वजन. तीन बकेटीत ब्रास भरते, हिशेब करून पाहा." मी तिथंच हिशेब केला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, घनमीटर म्हणजे ३५ घनफूट, तीन बकेटीत १०५. हिशेब जुळला आन मी खुश झालो. बकेट मोजलीच नाही, त्यानं सांगितलेल्या आकड्याचाच गुणाकार केला.

मी विचारलं कधी मुरूम भरायची वेळ आली तर? "काऊन नाही चालणार भाऊ, मुरूम टाका, रेती टाका, डोये झाकून न्या." ५८ हजारात ठरलं. ३० हजार ॲडव्हान्स फोनवरून टाकले, ते पण त्याच्या नाही, त्याच्या साळ्याच्या खात्यात. बिल मागितलं तर "पक्कं बिल घेतलं तं अठरा टक्के वरून लागन" म्हणून एका कागदावर "ट्रॅक्टर बकेट १ नग" एवढं लिहून दिलं. जाडी, माप, वजन काहीच नाही. माप व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, तेवढ्यावर मी भरवसा ठेवला आन त्याचा स्क्रीनशॉट पण काढला नाही.

बकेट आली रात्री नऊ वाजता, पिकअपमधे, रंग अजून हाताला लागत होता. तीच निळी, तसाच आकार. टॉर्चच्या उजेडात पाहिली, बाकीचे २८ हजार दिले.

मे महिन्यात बाजूच्या गावच्या एका रिटायर गुरुजींनी घराभोवती बाग करायला चार ब्रास कंपोस्ट सांगितलं. मी ट्रॉलीत तीन-तीन बकेटी टाकून चार ट्रॉल्या पाठवल्या, एका ट्रॉलीला एक ब्रास. चौथी ट्रॉली खाली व्हायच्या आधी गुरुजींनी टेप काढला. माझी ट्रॉली आतून दहा बाय सहा फूट. गुरुजी म्हणे, साठ चौरस फुटात शंभर घनफूट म्हणजे वीस इंच उंची यायला पायजे, इथं चौदाच आहे. टेप माझ्या हातात दिला, म्हणे तुम्हीच पाहा. मी चारही कोपऱ्यात टेप धरला. चौदा, चौदा, साडेतेरा, चौदा. गुरुजी रागावले नाही, फक्त म्हणे, "तुमचं नाव ऐकून सांगितलं होतं बाप्पा." त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. फसवला गेलो मी, आन गावात चोर पण मीच ठरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस लिटरची डिस्टेंपरची बादली घेतली आन कोकोपीट मोजून मोजून बकेटीत टाकत गेलो. दाबलं नाही. काठोकाठ झाली तेव्हा ३३ बादल्या झाल्या. ६६० लिटर, घनमीटर म्हणजे हजार लिटर पायजे होते. तीन बकेटीचे ७० घनफूट, तेच गुरुजींचे चौदा इंच.

फोन लावला तर म्हणे, "भाऊ, शीग लावून मोजा ना." लोडरच्या बकेटीचे दोन माप असतात हे खरं आहे, एक काठोकाठ आन एक शीग लावून म्हणजे काठाच्या वर ढीग करून, आन कंपन्या पण शिगेचं माप सांगतात पण ते शिगेचं आहे असं लिहितात तरी. आपल्या म्हाताऱ्या मायच्या वेळी पायलीनं ज्वारी घेताना आधी विचारत ना, हात फिरवून देता का शीग लावून, तोच प्रश्न इथं विचारायचा होता. तरी मी शीग लावून पण मोजलं, जेवढं उभं राहिलं तेवढं. ४१ बादल्या. ८२० लिटर. म्हणजे शीग लावून पण हजार नाही. आन शीग कुटाराची ट्रॉलीपर्यंत जाता जाता अर्धी वाऱ्यानं उडते.

इथपर्यंत मला वाटलं माप खोटं पण माल खरा असन. जुलैत ते पण समजलं. रात्री पाऊस झाला, कंपोस्ट भिजलं, सकाळी ड्रायव्हर भरत होता. पूर्ण भरली तरी साडेपाचशे किलोच्या आतच असन. बूम म्हणजे लोडरचे हात कमरेएवढे उचलले आन टर्रकन आवाज आला. "भाऊ, वेल्ड उघडला." जाऊन पाहतो तर डाव्या हुकाच्या बाजूची चादर कागद फाटावा तशी फाटलेली, आन तळ खालून पोटासारखा फुगलेला.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं नेली. त्यानं फाटलेल्या जागी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला. ३ एमएम. मी म्हटलं असं कसं, काठाची जाडी तर मी हातानं पाहिली होती. तो मला काठावर घेऊन गेला आन बोट फिरवायला लावलं. बकेटीच्या सगळ्या काठाला ८ एमएमची पट्टी वेल्ड केलेली. अशी पट्टी मजबुतीसाठी लावतातच, त्यात खोट नाही, पण काठ झाकला की आतली चादर किती जाड हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. वर्कशॉपमधे ठेवलेली बकेट कदाचित खरी पाचची असन, मला दिलेली तिची नक्कल. समोरच्या पट्टीवर त्यानं कानस मारली. साध्या लोखंडासारखी कानस खाल्ली, चकचकीत चर पडला. शेजारी जेसीबीचा जुना दात पडला होता, त्यावर तीच कानस घसरून गेली. कडक स्टील कुठंच नव्हतं.

मग जिनिंगच्या काट्यावर गेलो. बकेट लावून ट्रॅक्टरचा काटा केला, काढून ठेवून पुन्हा केला. फरक १५० किलो. पावणेतीनशे सांगितले होते. आन हे आधीच पकडता आलं असतं भावांनो. लोखंडाची १ एमएम जाड, एक चौरस मीटर चादर ७.८५ किलो भरते. टेपनं तळ, पाठ आन दोन्ही बाजू मोजायच्या, चौरस मीटर काढायचे. माझ्या बकेटीत पावणेचार चौरस मीटर चादर. पाचची असती तर नुसत्या चादरीचे १४७ किलो, तीनची आहे म्हणून ८८. वरून पट्ट्या, हुक, रिब आल्या. वजन काट्यावर केल्याशिवाय बाकीचे पैसे द्यायचे नव्हते.

परत फोन केला तर आवाजच बदलला. "तुम्ही मुरूम भरला असन. हलक्या मालाची बकेट आहे ती, वॉरंटी नाही." हाच माणूस मला रेती-मुरूम टाका म्हणाला होता. व्हॉट्सॲप उघडून पाहतो तर मापाचे मेसेज डिलीट, नुसती डिलीट केल्याची ओळ शिल्लक. संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक.

पैशापेक्षा मला मुरूमाची गोष्ट जास्त लागली. माझ्या लोडरच्या पुस्तकात उचलायची ताकद ९०० किलो लिहिली आहे, ती पण पिनेवर, म्हणजे बकेट जिथं अडकते तिथं. त्यातून बकेटीचं वजन जाते, आन माल पिनेच्या जेवढा समोर तेवढी ताकद अजून कमी. खरंच एक घनमीटरची बकेट असती आन त्याच्या भरवशावर मुरूम भरला असता तर दीड टन. एकतर बूम उचललीच नसती, नाहीतर मागची चाकं हलकी होऊन ट्रॅक्टर तोंडावर आला असता. मागं वजन लावल्याशिवाय लोडर चालवू नका हे पण त्यानं एकदा सांगितलं नाही. माझा ड्रायव्हर दोन लेकरांचा बाप आहे. त्याला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मला वाटत होतं धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक म्हणून चालत नाही, पण २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मी अर्ज टाकला आहे. पक्कं बिल नाही म्हणून अडचण आहेच, पण पैसे गेल्याची नोंद, तो कागद, काट्याच्या दोन पावत्या, फाटलेल्या जागेवर व्हर्नियर धरलेला फोटो हे सगळं जोडलं आहे. तुमच्यापैकी कोणी बकेट घेत असन तर जाडी, आतलं माप, काठोकाठ किती लिटर, वजन किती, हे बिलावरच लिहून घ्या. अठरा टक्के लागले तर लागू द्या. आन रात्री आलेला माल रात्री उतरवून घेऊ नका.

बकेट सध्या वेल्डिंगवाल्यानं तळाला पट्ट्या मारून चालती केली आहे, फक्त कुटार आन पाला भरतो. बाहेरून पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात "काठोकाठ ६६० लिटर" लिहून घेतलं आहे, आन गिऱ्हाइकाला आता बकेटीवर नाही, ट्रॉलीत टेप लावून माल देतो.

गुरुजींचं सांगायचं राहिलं. चार ट्रॉल्यांत तीस-तीस फूट कमी, म्हणजे १२० घनफूट. माझी ट्रॉली दोन फूट उंच, काठोकाठ भरली की बरोबर तेवढीच होते. बादल्या मोजल्या त्याच दिवशी दुपारी ती भरून मी स्वतः घेऊन गेलो. टेप मीच गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी चारही कोपरे मोजले, चोवीस इंच, आन मग म्हणे, "या, आंब्याच्या झाडाखाली टाका."